'आवे मारिया'ची तांडेलीण

उर्सुलाने आयुष्यात पहिल्यांदा माणसावर हात उगारला, तेव्हा त्या हातात भाताचा डाव होता.

एकोणऐंशी सालचा मार्च महिना. ओहोटी पुरती उतरली होती आणि 'आवे मारिया' हा त्यांचा पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, वसईच्या खाडीत, कामणच्या अंगाला, रेतीच्या दांड्यावर पोट टेकून बसला होता. पाणी उतरलं की हा दांडा गुरासारखा पाठ वर काढायचा. मग होड्या त्यावर बसवायच्या, फावड्याने रेती भरायची आणि भरती आली की तिच्याबरोबर उचलून निघायचं. उर्सुलाचा नवरा गॅब्रिएल या पडावाचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा प्रमुख, होता. तो आणि म्हातारा खलाशी हरिभाऊ खाली उतरून रेती भरत होते. उर्सुला पिछाडीला चुलीजवळ बसून भात ढवळत होती.

नाळेकडून, होडीच्या नाकाकडून, खरवडल्यासारखा आवाज आला. तिने मान वळवली. एक उघडाबंब माणूस होडीवर चढून नांगराच्या दोरावर कोयता चालवत होता.

ती ओरडली नाही. ती उठली, चाळीस फूट होडी अनवाणी चालत गेली आणि हातातला तापलेला डाव तिने त्याच्या कानशिलावर हाणला. चिकट भात त्याच्या मानेला बसला. तो गुरासारखा ओरडला आणि पाठीवर खाली रेतीत पडला. तिथून उठून पळाला तो थेट पलीकडे उभ्या असलेल्या तीन होड्यांकडे. त्या होड्या दांड्यावर हक्क सांगणाऱ्या शत्रुघ्नाच्या होत्या.

उर्सुलाने डाव पाहिला. त्याला दोन-चार केस चिकटले होते. तिने तो खाडीच्या पाण्यात धुतला आणि भात उतरवला. गॅब्रिएल धावत वर आला, दोर पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला.

"आता तू खरी खाडीची झालीस!"

तिला मात्र त्या दिवशी घास गेला नाही.

ती खाडीची नव्हतीच. ती होळीची. वसईजवळच्या त्या गावात तिच्या वडिलांची, ऑगस्टीनची, वाडी होती. केळी, वांगी, पानवेली, विहिरीवर रहाट. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसतं ते आणि पाटातून झाडाकडे जातं ते, एवढंच तिला ठाऊक. गॅब्रिएल नायगावच्या कोळीवाड्यातला. सुक्या मासळीचं खत होडीने आणायचा आणि बंदरावरून वाड्यांना पोचवायचा. त्याच्या अंगाला त्या खताचा वास असायचा, आणि तरी वाडीच्या कुंपणाशी त्याची गाडी थांबली की उर्सुला काहीतरी निमित्त काढून बाहेर यायची. वाडीवाल्यांच्या मुली होडीवाल्यांना देत नसत. वडिलांनी सांगितलं, "माती सोडून जाशील तर परत आल्यावर पाय धुवायला पाणी मिळायचं नाही." ती गेली. चौऱ्याहत्तर साली नायगावच्या चर्चमध्ये लग्न लागलं. माहेरहून एकटी आई आली आणि शेवटच्या बाकावर बसून निघून गेली.

कोळीवाड्यातल्या घरात गॅब्रिएलच्या तीन भावांचे संसार होते. मग यांचा संसार होडीवर. पिछाडीच्या फळ्यांखाली एक खण होता, त्यात ताठ बसताही येत नसे. तिथे त्यांची वळकटी, पेटी आणि मारिया माउलीची तसबीर. पत्र्याच्या ट्रेमध्ये माती थापून चूल केलेली. गोड्या पाण्याची दोन पिंपं नायगावच्या विहिरीवर भरून घ्यायची आणि ती जपून वापरायची. पावसाळ्यात होडी ओढून काठावर घेत, तिच्यावर झावळ्यांचं छप्पर घालत, आणि त्याच छपराखाली चार महिने काढत.

बाकीचे आठ महिने घड्याळ खाडीच्या हातात. भरती पहाटे आली तर पहाटे उठायचं, दुपारी आली तर जेवण अर्ध्यावर टाकायचं. ओहोटीबरोबर भाईंदरकडे, भरतीबरोबर घोडबंदरकडे. वारा पडला की पुरुष लांब बांबू तळाला टेकवत, त्याचं टोक खांद्याच्या हाडाशी लावत आणि नाळेपासून पिछाडीपर्यंत रेटत चालत. होडी त्यांच्या पायांखालून पुढे सरकायची. गॅब्रिएलच्या गळ्याच्या हाडाखाली टाचेसारखा घट्टा पडला होता. उर्सुला शीड शिवायला शिकली, त्यासाठी हातभर लांब सुई लागते. तेलात भिजवलेला कापूस फळ्यांच्या फटींत ठोकायला शिकली. रोज सकाळी तळातलं पाणी उपसायला शिकली. चिखलातून निवट्या मासे पकडायला शिकली. मूल दोनदा राहिलं, दोन्ही वेळा गेलं.

पूर्वी या होड्या मीठ वाहायच्या, गवत वाहायच्या, कौलं वाहायच्या. मग विरारला, बोळिंजला इमारती उठू लागल्या आणि प्रत्येक इमारतीला रेती लागू लागली. मिठाचे पडाव रेतीकडे वळले. दांडा कुणाच्या बापाचा नव्हता, तोवर सगळे शेजारी शेजारी भरत होते. तो कुणाचा तरी करावा, ही अक्कल पहिल्यांदा शत्रुघ्नाला सुचली.

खाडीपलीकडचा हा माणूस आधी डुबी मारायचा. खोल पाण्यात बांबू रोवायचा, तो धरून बादली घेऊन तळाशी जायचं आणि श्वास संपायच्या आत भरलेली बादली वर पाठवायची, हे डुबीवाल्याचं काम. कानातून रक्त येईपर्यंत त्याने ते केलं होतं. त्याच्यासारखेच दहा-बारा जण त्याने गोळा केले, तीन होड्या केल्या, आणि एके दिवशी दांड्यावर बांबू रोवून सांगितलं की यापुढे इथे दुसऱ्याचं फावडं लागणार नाही. कुणी ऐकलं, कुणी नाही. न ऐकणाऱ्यांची शिडं फाटली, दोर तुटले. एका म्हाताऱ्या तांडेलाचे दात पाडले. पोलीस चौकी जमिनीवर होती आणि भांडणं पाण्यावर.

गॅब्रिएल ऐकणाऱ्यांतला नव्हता. "पानी काय त्याच्या आजानं सोडलंय?" असं म्हणत तो मुद्दाम त्याच दांड्यावर जायचा. त्या दिवशीचा कोयता त्यासाठीच होता.

डावाची गोष्ट बंदरावर पसरली. शत्रुघ्नाची माणसं लांबून जाताना ओरडत, "गाब्या, बायकोला पुढं कर, तू भात शिजव!" गॅब्रिएलला ते लागलं. आठवड्याने एका सकाळी खाडीच्या मधोमध त्याने आपला पडाव शत्रुघ्नाच्या एका होडीला मुद्दाम घासला. उर्सुलाला काही कळायच्या आत तो उडी मारून त्या होडीवर गेला. त्याच्या हातात छोटा नांगर होता. तिकडे दोघेच होते. एकाने पाण्यात उडी घेतली. दुसरा बांबू शोधायला वाकला आणि गॅब्रिएलने नांगर त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज पाण्यावरून उर्सुलाच्या कानावर आला, ओल्या फांदीसारखा.

गॅब्रिएल परत आला तेव्हा तो हसत होता. तिला त्या तुटलेल्या गुडघ्यापेक्षा त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

"तो काय तुमचं खात होता? त्याच्या घरी बायकापोरं नसतील?" ती म्हणाली.

त्याने तिच्या थोबाडीत मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा. होडीवर भांडण झालं की बाहेर निघून जायची सोय नसते, शेजारीण नसते, दार आपटायला दार नसतं. ती नाळेवर जाऊन बसली, तो सुकाणूशी. हरिभाऊ मधोमध बसून दोर वळत राहिला. पाणजूच्या बेटाचा हा माणूस, वयाने साठीच्या पुढचा, कधी कुणाच्या मध्ये पडत नसे.

ते लोक येणार हे तिघांनाही ठाऊक होतं. फक्त दिवस ठाऊक नव्हता.

मे महिन्यात, भर दुपारी, पडाव पुन्हा दांड्यावर टेकलेला असताना ते आले. आठ जण. चिखलातून चालत, हातांत बांबू, फावडी, एकाकडे कुऱ्हाड. होडी रेतीने भरली होती, पाणी यायला अजून तास होता, म्हणजे पळायचं म्हटलं तरी पळता येत नव्हतं. गॅब्रिएल फावडं घेऊन उभा राहिला. त्याने दोघांना लोळवलं, मग तो दिसेनासाच झाला. उर्सुलाला फक्त वर-खाली होणारे बांबू दिसत होते. ती धावली. कुणीतरी बांबू फिरवला, तो तिच्या तोंडावर बसला. तोंडात रक्त आणि दाताचे तुकडे घेऊन ती काठाशी पडली.

पडल्या जागेवरून तिने पुढचं सगळं पाहिलं. गॅब्रिएलला त्यांनी होडीपाशी आणलं. चौघांनी धरलं. शत्रुघ्नाने त्याचा उजवा हात होडीच्या काठावर ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हिशेब समजावून सांगावा तसा तो बोलला.

"माझ्या माणसाचा गुडघा गेला. तो आता डुबी मारू शकत नाही. तू सुकानू धरू शकनार नाहीस. झालं."

गुडघा मोडणारा तो छोटा नांगर होडीवरच होता, तोच उचलून त्याने घाव घातला. एक, दोन, तीन. गॅब्रिएल पहिल्या घावाला ओरडला, दुसऱ्याला नाही. मग एकाने कुऱ्हाडीने होडीची तळाकडची एक फळी फोडली आणि ते आले तसे चिखलातून निघून गेले.

हरिभाऊ होडीच्या पलीकडच्या अंगाला दडून बसला होता. तो बाहेर आला तेव्हा रडत होता. उर्सुलाने तोंडातलं रक्त थुंकलं. "रडू नका. पाणी येतंय. आधी रेती काढा."

तिने गॅब्रिएलच्या दंडाला कापडाची पट्टी करकचून बांधली आणि हरिभाऊच्या मदतीने त्याला वर ओढून घेतलं. मग दोघं वेड्यासारखी रेती बाहेर उपसू लागली. फुटलेल्या फळीत तिने गोधडी कोंबली, तिच्यावर तेल लावलेलं जुनं शीड घातलं आणि आतून फळी ठोकली. भरती आली. होडी हलली, कण्हली, एका अंगावर कलली आणि उचलली. आता प्रश्न कुठे जायचं हा होता. नायगाव खाली पश्चिमेला, भरतीच्या उलट. तिकडे जाता येणार नव्हतं. प्रवाह वर घोडबंदरकडे चालला होता.

"सुकाणू धरा," हरिभाऊला ती म्हणाली.

"वहिनी, पानी कोन उपसनार? तुमच्यानं एवढं उपसायचं नाही."

ते खरं होतं. उपसायला त्याचे हात हवे होते. म्हणून तिने सुकाणू धरलं. चालत्या, भरल्या होडीचं सुकाणू तिने तोवर कधी हातात घेतलं नव्हतं. पहिल्या पाव तासात तिने होडी दोनदा काठच्या तिवरांच्या झाडांत घातली. मग हाताला कळलं की सुकाणूशी झोंबायचं नाही, पाण्याला आधी थोडं जाऊ द्यायचं आणि मग वळवायचं. गॅब्रिएल तिच्या पायांशी पडून होता. घोडबंदरला तिने एका विटांच्या ट्रकसमोर उभं राहून तो थांबवला. ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात मनगटापासून कापला.

पावसाळाभर होडी नायगावच्या काठावर पडून होती आणि गॅब्रिएल तिच्या छपराखाली. त्याचे भाऊ म्हणाले, विका. उर्सुलाने सुतार बोलावून फळी बदलली. ऑक्टोबरात होडी पाण्यात गेली तेव्हा सुकाणूशी ती होती. बंदरावर काही जण हसले, काहींनी तोंड फिरवलं. हरिभाऊने मात्र तिला 'वहिनी' म्हणणं सोडलं. तो तिला 'तांडेलीण' म्हणू लागला, आणि त्यात थट्टा नव्हती.

ती रेतीला गेली नाही. विटा वाहिल्या, गवत वाहिलं, कौलं वाहिली. गॅब्रिएल नाळेवर बसून राहायचा. डाव्या हाताने कोयत्याला धार लावायचा. दिवसभर तोच आवाज, दगडावर लोखंडाचा. शत्रुघ्नाच्या होड्या लांबून दिसल्या की तो उभा राहायचा. "घाल, त्यांच्यावर घाल होडी!" ती घालत नसे. मग त्याचा राग होडीवर निघायचा. ताटं पाण्यात गेली, पिंप आडवं झालं, हरिभाऊला शिव्या. एकदा त्याने माउलीची तसबीर फोडली आणि काचा स्वतःच्याच पायात रुतवून घेतल्या.

एका दुपारी पाणजूच्या खालच्या अंगाला तो तिच्यावर धावून आला. "माझा हात गेला आनि तू विटा वाहतेस!" म्हणत त्याने डाव्या हाताने तिचा गळा धरला. तिच्या एका हातात सुकाणू होतं, ते सोडता येत नव्हतं. तिने पाय उचलला, त्याच्या पोटावर टेकवला आणि सगळ्या ताकदीने रेटला. तो पाठीमागे काठावरून पाण्यात गेला.

हरिभाऊ उठला. "बसा," ती म्हणाली. तिने दोर फेकला. गॅब्रिएलने तो धरला, थोट्या हाताला दोन वेढे घेतले.

"ओढ वर!"

"नाही. आधी निव तू."

तिने त्याला होडीमागे ओढत नेलं. तो शिव्या देत होता, मग पाणी गिळून खोकू लागला, मग गप्प झाला. पाणजूचं बेट मागे पडलं तरी तिने होडी थांबवली नाही. तिचा गळा दुखत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सुकाणू सरळ होतं. शेवटी मागून आवाज आला, "उर्सुला, थंडी वाजते." तेव्हा दोघांनी त्याला वर घेतलं. त्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करू लागली. त्याने पुन्हा तिच्यावर हात टाकला नाही. कोयत्याला धार लावणं मात्र चालूच राहिलं.

ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात पौर्णिमेचं उधाण होतं. अशा दिवसांत भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून ओहोटी सुटते ती नदीच्या पुरासारखी. पुलाच्या खांबांशी पाणी फुगतं आणि खांबामागे भोवरा पडतो. तिथून जायचं तर डोलकाठी आधीच आडवी करायची आणि होडीचं नाक दोन खांबांच्या बरोबर मधोमध ठेवायचं. दुपारी दोनच्या सुमारास उर्सुला विटा घेऊन खाली येत होती. पुढे दोनशे हातांवर शत्रुघ्नाची होडी होती, ओल्या रेतीने काठोकाठ भरलेली, पाण्याच्या वर वीतभरही न उरलेली.

"एवढी भरून पुलाखाली घालतोय," हरिभाऊ पुटपुटला.

शत्रुघ्नाची होडी मधोमध आली नाही. तिची नाळ तिरकी झाली, प्रवाहाने तिला आडवं धरलं आणि खांबावर नेऊन आपटलं. फळ्या फुटल्याचा आवाज झाला. क्षणभर ती खांबाला मिठी मारल्यासारखी तिथे राहिली, मग मधोमध दुमडली आणि रेतीच्या वजनाने खाली गेली. पाण्यावर तीन डोकी दिसली.

गॅब्रिएल नाळेवर उभा राहिला. डाव्या काखेत त्याने बांबू धरला होता.

"मधून ने, सरळ मधून! थांबू नकोस!"

थांबता येणारच नव्हतं. पण उर्सुलाने सुकाणू थोडं दाबलं आणि होडी बुडणाऱ्यांच्या बाजूला घेतली. खांब हातभर अंतरावरून गेला. हरिभाऊने पहिल्याला केसांना धरून वर घेतलं, दुसरा स्वतःच काठाला लटकून चढला. तिसरा नाळेपाशी आला आणि त्याने काठ धरला. तो शत्रुघ्न होता.

गॅब्रिएलने बांबू उचलून त्याच्या बोटांवर घातला. पुन्हा घातला. शत्रुघ्नाची नखं फुटली तरी त्याने हात सोडला नाही. त्याने सोडला असता तर मागचा भोवरा होताच. "मर! मर!" गॅब्रिएल ओरडत होता आणि रडत होता. वर पुलावरून मालगाडी चालली होती, तिच्या धडधडीत त्याचं ओरडणं तुटक ऐकू येत होतं.

"हरिभाऊ, सुकाणू!" म्हणत उर्सुला विटांवरून धावली. तिने गॅब्रिएलला खांद्याने ढकलून आडवा केला, वाकली आणि शत्रुघ्नाच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. तो पोटापर्यंत वर आला, मग विटांवर येऊन पडला आणि पाणी ओकू लागला. पूल मागे गेला. पाणी मोकळं झालं.

इथपर्यंतची गोष्ट नायगावात सगळे सांगतात. पुढची फक्त होडीवरच्यांना ठाऊक.

उर्सुला त्याच्याकडे पाहत उभी होती. तिच्या जिभेला पुढचे तुटके दात लागत होते. तिच्या पायाशी छोटा नांगर पडला होता. तिने तो उचलला. शत्रुघ्नाने डोळे उघडले, नांगर पाहिला आणि सगळं समजला. त्याची दोन माणसं जागची हलली नाहीत. त्याचा उजवा हात काठाशी होता, रक्ताळलेला. त्याने तो मागे घेतला नाही. त्याने तो उलट काठावर नीट ठेवला आणि तोंड दुसरीकडे केलं.

त्याने हात मागे घेतला असता, गयावया केली असती, तर कदाचित तिने नांगर टाकून दिला असता. त्या शांतपणाचाच तिला संताप आला. त्या दिवशीही तो असाच शांत होता. तिने घाव घातला. एकच. मधली दोन बोटं लोखंड आणि लाकडाच्या मध्ये सापडली.

तो ओरडला नाही. तिनेच ओरडल्यासारखा काहीतरी आवाज केला. मग तिने नांगर पाण्यात फेकला, आपल्या पदराची पट्टी फाडली आणि त्याच्यासमोर बसून त्याची बोटं बांधली. नायगावला होडी लागली तसे ते तिघे उतरून गेले.

संध्याकाळी गॅब्रिएलने विचारलं, "तू त्याला बाहेर का काढलंस?"

"तो पाण्यात मेला असता तर तुझा राग कुणावर निघाला असता? माझ्यावरच."

गॅब्रिएल म्हणाला, "आनि मग मारलंस कशाला?"

चाळीस दिवसांचे उपास आले तेव्हा ती चर्चमध्ये कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेली. जाळीपलीकडे फादर. तिने सगळं सांगितलं. डाव, लाथ, नांगर. फादरनी विचारलं, "बाय, तुला या गोष्टीचा पश्चात्ताप होतो ना?"

"लाथेचा नाही होत, फादर. बोटांचा होतो, पण तो रोज होत नाही. कधी कधी बरंही वाटतं. खोटं कशाला बोलू?"

फादर म्हणाले, "ज्या दिवशी होतो, त्या दिवशी प्रार्थना कर." ती तसं करू लागली.

खाडीवरची मारामारी काही थांबली नाही. शत्रुघ्नाची एक होडी बुडाली, त्याचा दरारा ओसरला, आणि त्याने रोवलेल्या बांबूंच्या जागी दुसऱ्यांनी आपले बांबू रोवले. ते त्याच्याहून तरुण होते आणि बोलण्यात वेळ घालवत नव्हते. शहाऐंशीच्या एप्रिलात तिवरांत त्याचं प्रेत सापडलं. डोकं फावड्याने फुटलेलं.

उर्सुला त्याच्या घरी गेली. गॅब्रिएल म्हणाला, जाऊ नकोस. तरीही ती गेली. खाडीपलीकडचं गाव, मातीचं घर, ओटीवर त्याची बायको मंदा बसलेली. उर्सुलाने स्वतःचं नाव सांगितलं. मंदाने तिला नीट पाहिलं, तोंडाकडे, तुटक्या दातांकडे.

"तुम्हीच त्यांना पुलाखालून काढलात."

"हो."

"ते सांगायचे, बोटं पुलावर चेंगरली म्हनून."

उर्सुला म्हणू शकली असती, हो, तशीच चेंगरली. त्याच्या होडीवरची ती दोन माणसं आता कुठे होती कुणास ठाऊक, हरिभाऊ कधीच तोंड उघडणारा नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मी ठेचली. वर काढल्यावर."

मंदा उठली आणि आत गेली. उर्सुलाला वाटलं, आता आतून काहीतरी घेऊन येईल आणि आपल्या डोक्यात घालेल, आणि आपण हलायचं नाही. मंदा चहाचे दोन कप घेऊन आली. एक उर्सुलापुढे ठेवला.

"त्याच्यानंतर त्या हाताची मूठ नीट वळायची नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला डाव्यानं मारायचे, पन तेवढं लागत नव्हतं."

दोघी चहा प्यायल्या. आत कुणीतरी रडत होतं, मंदा रडत नव्हती. निघताना तिने उर्सुलाला, परत या असं म्हटलं नाही, येऊ नका असंही नाही.

पुढच्याच वर्षी 'आवे मारिया' विकली. इंजिनाच्या लोखंडी बार्जेस आल्या होत्या, विटा ट्रकने जाऊ लागल्या होत्या, आणि हरिभाऊच्या डोळ्यांना खांब दिसेनासे झाले होते. उर्सुलाचे वडील वारले होते. भाऊ फर्डिनंडने होळीच्या वाडीतला एक कोपरा तिला दिला, फार आनंदाने नाही, पण दिला. पहिले काही महिने तिला जमिनीवर चालताना पाय चुकल्यासारखा वाटायचा. गॅब्रिएलने डाव्या हाताने आणि दातांनी वाफ्याच्या कुंपणाचे दोर बांधायला सुरुवात केली. त्याच्या गाठी पक्क्या असत. फर्डिनंडला त्या सोडवता येत नसत, मग तो उर्सुलाला हाक मारायचा.